मोजलेले पेग, न मोजलेला गांजा

दारू पिणारा माणूस सहसा हिशेबी असतो. थर्टी की सिक्स्टी, क्वार्टर संपायला किती वेळ लागला, बिअर स्ट्राँग होती की माइल्ड, चकण्यात पोटाला आधार देणारं काही होतं का, घरी कोण सोडणार, हे सगळं त्याच्या डोक्यात चालू असतं. ‘आपल्याला तीनपर्यंत काही होत नाही’ हे वाक्य ज्याने कधी म्हटलं नाही असा पिणारा विरळाच. हा हिशेब थोडा आशावादी असतो, पण अगदीच खोटा नसतो. मग बसलेल्यांपैकी कुणीतरी सिगारेटमधली तंबाखू तळहातावर काढतो, तिच्यात गांजा मळतो, पुन्हा भरतो आणि ती सिगारेट फिरत फिरत याच्या हातात येते. तिथून पुढे हिशेब कोलमडतो. नुसता गांजाचा नव्हे, तासाभरापूर्वी पोटात गेलेल्या दारूचाही.

दारूचं गणित त्यातल्या त्यात सोपं. भारतीय व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मध्यम बांध्याच्या माणसाचं यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडतं. हा वेग काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही वाढत नाही. एक मोठा पेग पूर्ण उतरायला दोन ते तीन तास लागतात, दोन घेतले तर त्याच्या दुप्पट. कोष्टक मांडता येतं, आणि म्हणूनच पिणाऱ्याला आपण ताब्यात आहोत असं वाटतं.

गांजाला असं कोष्टकच नाही. त्यातल्या मुख्य मादक द्रव्याची, टीएचसीची, नेमकी रासायनिक रचना १९६४ मध्ये इस्राएलच्या राफाएल मेकुलाम आणि येखिएल गाओनी यांनी उलगडली. म्हणजे माणूस हजारो वर्षं जे ओढत आला, ते नेमकं काय आहे हे कळून अजून शतकही झालेलं नाही. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. ओढलं तर काही मिनिटांत रक्तातलं प्रमाण शिखर गाठतं आणि तितक्याच वेगाने घसरतं, कारण ते मेंदूत आणि शरीरातल्या चरबीत शिरतं. झिंग मात्र दोन-तीन तास राहते. रक्तात थोडं आणि डोक्यात भरपूर अशी ही अवस्था असते.

शिवाय माल किती कडक हे कोण सांगणार? अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ च्या सुमारास सरासरी ४ टक्के टीएचसी असे, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या बॅगांमधून सीमाशुल्क अधिकारी जो ‘हायड्रोपोनिक’ गांजा वरचेवर पकडतात, तो बंद खोलीत, दिव्यांखाली, मुद्दाम जास्त मादक करून वाढवलेला असतो. कॉलेजच्या काळात अधूनमधून दोन कश मारलेला आणि आता चाळिशीत पुन्हा एकदा मारून बघणारा गृहस्थ वीस वर्षांपूर्वीच्या मापाने कश घेतो. माप जुनं, माल नवा.

दोन्ही एकत्र आल्यावर शरीरात नेमकं काय होतं, याचा शोध बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातल्या संशोधकांनी घेतला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात २२ निरोगी स्वयंसेवकांना कधी दारू, कधी दारूसारखं लागणारं पेय दिलं आणि नंतर मोजून भरलेला गांजा ओढायला लावला. दारू आधी घेतलेली असली की तेवढ्याच गांजातून रक्तात जास्त टीएचसी उतरत होतं आणि झिंगही लवकर चढत होती. पुढे आयोवा विद्यापीठात अधिक काटेकोर मोजणी झाली. २०१५ मध्ये छापलेले तिथले आकडे बोलके आहेत. कडक गांजाची वाफ एकटी घेतली तेव्हा रक्तातल्या टीएचसीचं शिखर दर लिटरला ४२.२ मायक्रोग्रॅम होतं. तोच गांजा, तेवढाच, पण आधी दारू घेऊन, तेव्हा ६७.५. म्हणजे दीडपटीहून जास्त. सिगारेटचे दोनच कश घेतले हे खरं असलं, तरी शरीराच्या खात्यात तिसराही जमा झालेला असतो.

याच मॅक्लीनच्या गटाने १९९२ मध्ये उलटी बाजूही तपासली होती. गांजा ओढल्यावर दारू घेतली, तर रक्तातलं अल्कोहोल एरवीपेक्षा हळू चढत होतं. गांजामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, दारू तिथेच रेंगाळते. ऐकायला हे बरं वाटतं. पण प्यायला बसलेल्या माणसाच्या बाजूने विचार करून पाहा. नेहमीच्या वेळी नेहमीची किक आली नाही की तो काय करतो? ग्लास पुढे करतो.

आधी काय घ्यावं आणि नंतर काय, याबद्दल जगभरच्या पिणाऱ्यांत अनुभवी सल्ल्यांची कमतरता नाही. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की या सल्ल्यांमधली पोकळी दिसते. क्रम बदलला तर चूक बदलते, एवढंच.

गाडी चालवण्यावर होणारा परिणाम सगळ्यांत स्वच्छ दाखवला तो नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी. योहानेस रामाकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ जणांना खऱ्याखुऱ्या महामार्गावर, खऱ्या रहदारीत गाडी चालवायला लावली. शेजारी प्रशिक्षक, त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक, आणि गाडी आपल्या लेनमध्ये किती सेंटिमीटर डावी-उजवी होते हे मोजणारं यंत्र. एका फेरीत थोडी दारू, रक्तात दर १०० मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या फेरीत थोडा गांजा. तिसऱ्या फेरीत दोन्ही. एकेकट्या गोष्टीने गाडी मध्यम प्रमाणात डोलत होती. दोन्ही एकत्र दिल्यावर गांजाच्या लहान मात्रेबरोबर ती ९० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखी डोलली, आणि मोठ्या मात्रेबरोबर १४० मिलिग्रॅम असल्यासारखी. प्यायलेली दारू मात्र तेवढीच होती, ४०.

दारू आणि गांजा यांचा चालकाच्या स्वभावावर होणारा परिणाम एकमेकांच्या उलट आहे, आणि खरी मेख इथे आहे. दारूने माणसाला आपण उत्तम चालवतोय असं वाटतं आणि तो वेग वाढवतो. नुसता गांजा ओढलेला चालक बहुधा स्वतःला बिचकून असतो. हळू चालवतो, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो, ओव्हरटेक टाळतो. त्याच्या प्रतिक्रिया मंदावलेल्याच असतात, पण ते त्याला जाणवतं आणि तो सावरून घेतो. त्यात दारू पडली की ही सावधगिरी पहिली गळते. मंदपणा गांजाचा आणि आत्मविश्वास दारूचा, असा चालक स्टिअरिंगवर बसतो. मास्ट्रिख्टच्याच एका शहरातल्या चाचणीत दिसलं, की दोन्ही घेतलेले चालक चौकात बाजूच्या रस्त्याकडे कमी वेळा नजर टाकत होते. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर, जिथे बाजूच्या गल्लीतून दुचाकी, रिक्षा, कुत्रा, पाण्याचा टँकर काहीही केव्हाही येऊ शकतं, तिथे ही एक गोष्ट पुरेशी आहे.

फ्रान्समध्ये २००१ ते २००३ या काळातल्या जीवघेण्या अपघातांत सापडलेल्या १०,७४८ चालकांची तपासणी झाली. नुसत्या गांजाचा धोका दारूपेक्षा बराच कमी निघाला, आणि गांजाचे समर्थक ते वाक्य आवडीने सांगतात. त्याच अभ्यासाचं पुढचं वाक्य असं, की ज्यांच्या रक्तात दोन्ही सापडलं त्यांच्या हातून अपघात घडण्याची शक्यता दोन्हींपैकी कुठल्याही एकापेक्षा फार वर होती.

भांगेची गोष्ट वेगळी आहे, आणि महाराष्ट्रात जास्त जवळची. गांजाला नाक मुरडणारा, सिगारेटही न ओढणारा माणूस धुळवडीच्या दुपारी थंडाईचा ग्लास हातात घेतो. सोसायटीच्या आवारात स्टीलचं पिंप ठेवलेलं असतं. दूध, बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, गुलाबपाकळ्या, आणि पाट्यावर वाटलेला हिरवट गोळा. पिंपात तो गोळा सगळीकडे सारखा मिसळलेला नसतो. वरच्या ग्लासात आणि तळाच्या ग्लासात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिला ग्लास साडेअकराला. बारा वाजतात, साडेबारा वाजतात, काहीच होत नाही. ‘यात काही दम नाही,’ असं म्हणत दुसरा ग्लास. तोही गोडसर, निरुपद्रवी. मग कुणीतरी गाडीच्या डिकीतून गार बिअर काढतो.

पोटातून जाणारं टीएचसी आधी यकृतात जातं. तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी टीएचसी नावाच्या पदार्थात रूपांतर होतं, आणि हा पदार्थ मेंदूत अधिक सहज शिरतो. त्यामुळे भांग चढायला अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत वेळ लागतो, शिखर दोन-तीन तासांनी येतं आणि अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. आपल्या गृहस्थाच्या पहिल्या ग्लासाचा अंमल एकच्या सुमारास नीट जाणवायला लागतो. तोवर दुसरा ग्लास आणि दोन बिअर आत गेलेल्या असतात, आणि त्या सगळ्यांची शिखरं दोन ते तीनच्या दरम्यान एकमेकांवर येऊन आदळतात. रंग धुवायला तो मोरीत जातो, गरम पाण्याची बादली अंगावर घेतो, वाकून साबण उचलतो आणि उभा राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

ही अंधारी योगायोगाची नाही. टीएचसी रक्तवाहिन्या सैल करतं आणि हृदयाचे ठोके वाढवतं, मिनिटाला २० ते ५० ठोक्यांनीसुद्धा. दारूही रक्तवाहिन्या सैल करते. वरून गरम पाणी. उभं राहताच रक्तदाब कोसळतो आणि माणूस फरशीवर आपटतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला हा धोका विशीतल्या पोरापेक्षा जास्त, आणि सोसायटीच्या धुळवडीला पन्नाशीतले काही कमी नसतात. हृदयाचं म्हणाल तर २००१ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,८८२ रुग्णांची विचारपूस केली होती. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका ४.८ पट असल्याचं त्यातून दिसलं. तरुण, निरोगी माणसाचा मूळ धोकाच इतका लहान असतो की पाचपट होऊनही तो लहानच राहतो. ज्याच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला मात्र पाचपट हा शब्द पुरता लागू पडतो.

आणि ओकारी. गांजातल्या टीएचसीचा एक खराखुरा औषधी गुण म्हणजे ते मळमळ थांबवतं. केमोथेरपीच्या उलट्यांवर १९८५ पासून अमेरिकेत कृत्रिम टीएचसीची गोळी वापरली जाते. आता दारू जास्त झाली की शरीर काय करतं? उलटी काढून जादा माल बाहेर फेकतं. हा प्रतिसाद गांजाने दडपला, तर पोटातलं विष पोटातच राहण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात मात्र अनेकदा याच्या बरोबर उलट घडतं. दोन्ही एकत्र झालं की चेहरा पांढराफटक पडतो, दरदरून घाम सुटतो, खोली फिरायला लागते आणि उलट्या थांबत नाहीत. उलट्या होताहेत म्हणजे आता बरं वाटेल, असा समज करून सोबतचे त्याला पाठीवर उताणा झोपवतात. अर्धवट शुद्धीतल्या माणसासाठी यासारखी घातक स्थिती दुसरी नाही, कारण उलटी सरळ श्वासनलिकेत जाते.

‘गांजाने आजवर कोणी मेलं नाही’ असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्यात थोडं तथ्य आहे आणि तेच दिशाभूल करतं. मेंदूतल्या ज्या ग्राहींवर टीएचसी बसतं, त्या स्मरण, तोल आणि हालचाली सांभाळणाऱ्या भागांत भरपूर असतात, पण श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात फार थोड्या. त्यामुळे नुसत्या गांजाने श्वास थांबणं दुर्मीळ. दारू मात्र त्याच देठावर थेट दाब आणते. गांजाची ही सवलत दारूला मिळत नाही, आणि दोघं एकत्र असताना कोण कधी वरचढ होईल हे बाहेरून कळत नाही. आपल्याकडे सिगारेटमध्ये किंवा चिलमीत गांजाबरोबर तंबाखू असतेच. निकोटीन पेंग उडवतं, माणूस तरतरीत वाटतो, आणि तो आहे त्याहून शुद्धीत आहे असं सगळ्यांना वाटत राहतं.

ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये भारतीय गांजा-भांगेच्या चौकशीसाठी मोठा आयोग नेमला होता. त्याचा अहवाल सात खंडांचा आहे. आयोगाला एक भीती अशी होती, की गांजा-भांगेवर सरसकट बंदी घातली तर लोक त्याहून वाईट नशेकडे वळतील. त्या काळी गांजा आणि दारू एकमेकांचे पर्याय मानले जात. चिलीम साधू-गोसाव्यांची आणि दारू गुत्त्याची, दोन वेगळ्या दुनिया. एकाच टेबलावर दोन्ही असणं हे नंतरच्या काळाचं चित्र.

हे चित्र आज किती दिसतं? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात. भांग, गांजा, चरस यांपैकी काहीतरी घेणारे २.८ टक्के, सुमारे ३.१ कोटी. त्यांतही भांगवाले गांजा-चरसवाल्यांपेक्षा जास्त आहेत. दोन्ही घेणाऱ्यांबद्दलची चांगली माहिती अमेरिकेतून मिळते. मीनाक्षी सुब्बरामन आणि विल्यम केर यांनी २००५ आणि २०१० च्या राष्ट्रीय दारू-पाहणीतल्या साडेआठ हजारांहून अधिक प्रौढांची उत्तरं तपासली. त्यांनी एक महत्त्वाचा भेद केला: दोन्ही घेणारे पण वेगवेगळ्या वेळी, आणि दोन्ही एकाच बैठकीत घेणारे. दुसरा गट पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. नुसती दारू घेणाऱ्यांशी तुलना केली, तर एका बैठकीत दोन्ही घेणाऱ्यांत प्यायलेल्या अवस्थेत गाडी चालवणं, घरी-दारी भांडणं, स्वतःचं नुकसान करून घेणं, या सगळ्यांची शक्यता साधारण दुपटीने वाढलेली होती. दोन्ही घेणारी माणसं मुळातच जास्त धाडसी असतील, असा आक्षेप घेता येतो आणि तो चुकीचाही नाही. पण रामाकर्सच्या गाडीत बसलेली माणसं सगळ्या फेऱ्यांना तीच होती.

कायदा अजून दोन नशांना दोन कप्प्यांत ठेवून बसला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार रक्तात दर १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमली पदार्थांसाठी त्याच कलमात दुसरा खंड आहे, पण त्यात आकडा नाही. गाडीवर ताबा ठेवता येत नाही इतका अंमल असला पाहिजे, एवढंच म्हटलं आहे. नाकाबंदीतल्या हवालदाराच्या हातातलं यंत्र श्वासातलं अल्कोहोल तेवढं ओळखतं. यंत्रावर २५ आला की हा सुटला, मग खिशात काय आहे आणि डोक्यात काय आहे याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. भांगेची तर आणखी मजा. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत शेंड्यांशिवायची पानं आणि बिया बसतच नाहीत, त्यामुळे भांग राज्यांच्या अबकारी नियमांकडे जाते. काशीयात्रेला गेलेल्या मराठी यात्रेकरूला तिथे भांगेचं सरकारमान्य दुकान दिसतं आणि तो चक्रावतो.

ज्या देशांनी गांजा कायदेशीर केला त्यांना मात्र या जोडीचा विचार करणं भाग पडलं. कॅनडात २०१८ पासून ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आणि जोडीला रक्ताच्या दर मिलिलिटरमध्ये २.५ नॅनोग्रॅम टीएचसी असणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जर्मनीत ऑगस्ट २०२४ पासून टीएचसीची मर्यादा ओलांडली तर ५०० युरो दंड, आणि त्यात दारू मिसळली असेल तर १,०००. टीएचसीच्या आकड्यांवर शास्त्रज्ञांचा फारसा विश्वास नाही, कारण रोज ओढणाऱ्याच्या रक्तात ते दिवसेंदिवस रेंगाळतं आणि कधीतरी ओढणाऱ्याच्या रक्तातून झिंग असतानाच निघून जातं. तरीही त्या दोन देशांनी निदान बेरीज तरी मान्य केली. टोरोंटोत किंवा म्युनिकमध्ये नोकरीला असलेल्या मराठी तरुणाला घरच्या सवयीचा अंदाज तिथे महागात पडू शकतो.

आपल्याकडे कुणी असा कोसळला की घरात पहिली धाव स्वयंपाकघराकडे जाते. भांग उतरवायला ताक, लिंबाचं पाणी, आंब्याचं लोणचं, तुपाचा चमचा. माणूस बोलत-चालत असेल तर ताकाने बिघडत काही नाही, उतरतही काही नाही. पण हाका मारूनही नीट जागा होत नसेल, तर त्याच्या तोंडात थेंबभरही काही घालू नये. कुशीवर वळवावं, वरचा गुडघा पुढे दुमडावा, तोंड किंचित खाली करावं, आणि एकाने शेजारी बसून राहावं. झोपलाय, झोपू दे, असं म्हणून खोलीचं दार ओढून घेतलं, तर रक्तातलं अल्कोहोल नंतरही चढत राहतं हे विसरलं जातं. चिमटा काढूनही प्रतिसाद नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, ओठ निळसर, झटके, किंवा छातीत दुखतंय अशी तक्रार, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करावा.

रुग्णालयात कॅज्युअल्टीच्या टेबलावर मित्रमंडळी सहसा अर्धंच सांगतात: ‘थोडी जास्त झाली.’ गांजाचं नाव घेतलं तर पोलीस येतील ही भीती असते, आणि ती निराधार नाही. एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली गांजाच्या सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. व्यसन लागलेल्या माणसाने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर त्याच कायद्याचं कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, आणि अनिता व अनिल अवचटांनी पुण्यात १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहेच. पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला त्या घटकेला गुन्हा नको असतो, वेळापत्रक हवं असतं: काय घेतलं, ओढलं की प्यायलं, किती वाजता, आधी काय आणि नंतर काय, रोजच्या गोळ्या कोणत्या, झोपेची गोळी घेतली होती का, रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू आहे का. भांग प्यायलेली असेल तर दोन तासांनी स्थिती आणखी बिघडू शकते हे धरून तो रुग्णाला घरी न सोडता देखरेखीखाली ठेवतो. नुसतीच दारू सांगितली, तर सलाईन लावून तासाभरात घरी पाठवण्याची शक्यता जास्त.